बानाबाईचे बारा शॉट

कडूबा चितेगावच्या टीव्हीच्या कंपनीत लाइनवर होता. दिवसाचे आठ तास त्याच्यासमोरून टीव्ही सरकत आणि प्रत्येकाच्या पडद्यावर तेच रंगीत उभे पट्टे दिसत. पट्टे सरळ असले की हिरवी चिठ्ठी चिकटवायची, वाकडे असले की टीव्ही बाजूला काढायचा. चार वर्षं त्यानं पट्टेच पाहिले होते. पाहुणेरावळे विचारत, तुमच्या कंपनीत रोज फुकटात पिक्चर बघायला मिळत असतील ना? तो हो म्हणून मोकळा होई. पण पट्ट्यांच्या जागी हलतीबोलती माणसं येतात कशी, हे आपल्याला ठाऊक नाही याची त्याला मनातून लाज वाटायची.

त्र्याण्णव सालची दिवाळी झाली आणि शहागंजातल्या एका जिन्यावर त्याला पाटी दिसली: दर रविवारी व्हिडिओ शूटिंग शिकवले जाईल. पाटी कुतुबभाईंची होती. निम्म्या शहराची लग्नं या माणसानं टिपली होती, आणि आता गुडघे दुखतात म्हणून शिकवायला बसला होता. वर्गात पाच जण होते. कडूबाची जोडी लागली मालनशी. मालन विद्यापीठाच्या कचेरीत टाइपिस्ट होती. वय तिशीचं, बोलणं कमी, आणि जे बोलायची ते नेमकं दुखेल तिथं. कडूबा तिला ताई म्हणायचा. ती त्याला भाऊ म्हणायची, पण चूक काढायची असली की नुसतं कडूबा.

पहिले सहा रविवार कुतुबभाईंनी कॅमेऱ्यात कॅसेटच घालू दिली नाही. रिकामा कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, एका जागी रोखायचा आणि मनात दहा मोजायचे. कडूबाला दहापर्यंत धीर निघत नसे. चारलाच तो कॅमेरा डावीकडे फिरवी, मग उजवीकडे, मग वर पंख्याकडे.

"मियां, झाडांकू पानी दे रैं क्या?" कुतुबभाई विचारायचे. "एक जगे देखो. आंख को बी कुछ काम करने देव."

पुढं दोन जानेवारीच्या रविवारी सगळ्यांना काम मिळालं. तीन मिनिटांची फिल्म, शॉट बारा, त्यात एक शब्दही बोलायचा नाही. कुठलंही एक काम सुरू व्हावं आणि संपावं, आणि बघणाऱ्याला ते न सांगता कळावं. कडूबानं हात वर करून सांगितलं, माझी आई मेंढरं चारायला नेते आणि परत आणते, ते मी करतो. हे सगळ्यांत सोपं, असं त्याला वाटलं. मेंढरांना तर बोलताच येत नाही.

त्याची आई बानाबाई तेव्हा चितेगावच्या पलीकडं एका शेतात मेंढरं बसवून होती. कंपन्यांच्या भिंती वाढत गेल्या तसं चरायचं रान आखडत गेलं होतं, पण म्हातारी कळप मोडायला तयार नव्हती. नऊ तारखेला सकाळी कडूबा आणि मालन कॅमेरा, स्टँड घेऊन पोचले, तर बानाबाई इरकली नेसून, नाकात नथ घालून फोटोला उभं राहावं तशी ताठ उभी. कडूबा म्हणाला, माय, रोजच्यासारखं वाग. ती म्हणाली, रोज माझ्या तोंडाम्होरं असलं मशीन नसतं. शेवटी मालननं तिला कोकरं मोजायला लावलं, तेव्हा कुठं म्हातारी हलली.

मेंढरं रात्रीच्या कुंपणाच्या जाळीबाहेर निघाली आणि धुळीच्या वाटेनं चालू लागली. कडूबानं वाटेच्या डाव्या अंगानं दोन शॉट घेतले. मग त्याच्या लक्षात आलं की पलीकडून ऊन झकास पडलंय. मालन म्हणाली, भाऊ, वाट ओलांडू नका, काहीतरी घोटाळा होईल. पण काय घोटाळा होईल ते तिलाही नीट सांगता येईना, आणि कडूबाला तर आता आपण मोठे कॅमेरामन झालो असं वाटायला लागलं होतं. तो वाट ओलांडून गेला, परत आला, पुन्हा गेला. कळप बिचकला आणि निम्मी मेंढरं तुरीत शिरली. बानाबाईनं मेंढरांना घालायच्या त्या शिव्या मुलाला घातल्या.

संध्याकाळी दोघं एसटीनं शहरात यायला निघाले. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या नावाचा निर्णय होणार अशी बातमी होती आणि नाक्यानाक्यावर बंदोबस्त होता. पैठण रोडच्या नाक्यावर बस थांबली. सर्जेराव नावाच्या हवालदारानं दोघांना कॅमेऱ्यासकट खाली उतरवलं. कशाचं शूटिंग केलंत? कडूबा म्हणाला, मेंढरांचं. हवालदाराला ते उत्तर उद्धट वाटलं. कॅसेट मागं नेऊन कॅमेऱ्याला डोळा लावला की घेतलेलं पुन्हा बघता येतं, हे मालननं त्याला समजावून दिलं. सर्जेरावांनी टोपी काढून एक डोळा मिटला आणि दुसरा लावला. मग दुसऱ्या शिपायानं लावला. मग तिसऱ्यानं.

"मेंढरंच हायेत," सर्जेराव बऱ्याच वेळानं म्हणाले. "पण आताच चरायला निघाली व्हती, लगेच माघारी कामून चालली?"

कडूबा म्हणाला, माघारी नाही, पुढंच चाललीत.

"मला नका शिकवू. या तुकड्यात तोंड इकडं हाय अन् पुढच्यात तिकडं. काय इसरलं का काय घरी?"

कडूबानं स्वतः डोळा लावला. मेंढरं डावीकडं चालली होती, मग उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं. वाट तीच, कळप तोच, पण बघणाऱ्याला वाटावं की बानाबाईची मेंढरं दिवसभर एकाच जागी येरझाऱ्या घालतायत. बस निघून गेली होती. चार किलोमीटर चालताना मालननं फक्त एकदाच विचारलं, "ऊन झकास आलंय ना, कडूबा?"

कुतुबभाईंना हवालदाराचं भारी कौतुक वाटलं. त्याला वर्गात घेऊन या म्हणाले. मग त्यांनी फरशीवर खडूनं वाटेची रेघ ओढली, तिच्यावरून एक काडेपेटी सरकवली आणि कडूबाला आधी एका बाजूला बसवलं, मग दुसऱ्या. एक बाजू धरली की धरली, पुन्हा रेघ ओलांडायची नाही. त्यांनी सगळं काम पुन्हा करायला सांगितलं.

शुक्रवारी, संक्रांतीला, विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली. रविवारी मालन चितेगावला आली ती पेढ्यांचा पुडा घेऊनच. त्या दिवशी कडूबानं आईला रेघेची गोष्ट मोठ्या हुशारीनं समजावून सांगितली. बानाबाई हसत सुटली.

"ह्याच्यासाठी रविवारचा शाळंत जातो व्हय? मेंढरांच्या एका अंगाला ऱ्हावं, दोन्हीकडनं आलं की ती बिचकत्यात. पाच वर्साचा व्हतास तवा शिकिवलं व्हतं."

त्या दिवशी काम सरळ झालं. कुठं उभं राहायचं ते म्हातारीच काठीनं दाखवत होती आणि कडूबा निमूट उभा राहत होता. दुपारपर्यंत नऊ शॉट झाले. मेंढरं बाभळीखाली बसली, तसा कडूबानं कॅमेरा बांधावरच्या दगडावर ठेवला आणि पाणी आणायला विहिरीकडं गेला.

मालननं पुडा उघडून बानाबाईपुढं धरला. मावशी, नाव मिळालं, म्हणाली. बानाबाईनं पेढा हातात घेतला. तो तसाच हातात ठेवून ती मालनला काही सांगत राहिली. कडूबा घागर घेऊन आला. म्हातारी पेढा खात होती आणि मालन दूर मेंढरांकडं बघत होती. त्यानं कॅमेरा उचलला आणि त्याला कळलं की बटण बंद करायचं राहून गेलं होतं. कुतुबभाईंची बोलणी बसतील म्हणून त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी दोन व्हीसीआर जोडून तिघं तुकडे सांधायला बसले. नऊ शॉट झाले आणि मग दहावा आला. दगडावरून घेतलेला, जराही न हललेला. बानाबाईचं अर्धं अंग बाभळीच्या सावलीत, तळहातावर पेढा. कुतुबभाई पुढं सरकले. ये किसने लिया, म्हणाले. कुणीच नाही, असं कडूबा म्हणाला, आणि तेवढ्यात आईचा आवाज आला.

"तुमचं लई जळालं त्या साली. आमी गंगंच्या काठानं मेंढरं घेऊन चाललो व्हतो. म्होरच्या गावातनं धूर निघत व्हता, तुमच्याच वस्तीतनं. म्या अन् ह्याच्या बापानं धूर बघितला अन् कळप वळिवला. तीन गावं मागं पडंस्तोवर थांबलो नाय. कुणाला काय इचारलं बी नाय. आजून धूर दिसला की मला तेच आठवतंय, पोरी."

कुतुबभाईंनी आवाज बारीक केला. कडूबा पडद्याकडं बघत राहिला. अठ्ठ्याहत्तरच्या त्या साली, नामांतराच्या दंगली पेटल्या तेव्हा, तो दहा वर्षांचा होता. ती लांबची चाल त्याला चांगली आठवत होती. म्होरं गवत चांगलं हाय, असं बाप म्हणाला होता, आणि त्यानं ते आजवर खरं धरलं होतं. मालन तेव्हा चौदाची होती, परभणीकडच्या एका गावात. तिचं घर जळलं तेव्हा तिनं दप्तर तेवढं वाचवलं, हे ती मागं एकदा, दुसरंच काही सांगताना, बोलून गेली होती.

कडूबा म्हणाला की हा शॉट आवाजासकट ठेवू. अख्ख्या फिल्ममधलं हेच खरं आहे. बोलायचं नाही हा नियम राहू दे बाजूला. कुतुबभाईंनी मालनकडं बघितलं.

"त्या मला म्हणाल्या ते," मालन म्हणाली. "टीव्हीला नाही म्हणाल्या."

कडूबाला आधी राग आला. मग तो राग नेमका कुणाचा आलाय हे त्याला सांगता येईना. त्यानं बरं म्हणून मान हलवली. चित्र तसंच ठेवून त्याच्यावर दुसरा आवाज कसा चढवायचा, ते कुतुबभाईंनी त्या दिवशी दाखवलं. बाभळीखालच्या रवंथाचा आणि कोकरांचा आवाज त्यांनी मूळ कॅसेटवरच आईच्या बोलण्यावर चढवला. जुना आवाज त्यामुळं कायमचा पुसला जाणार होता, आणि ते बटण दाबायला कुतुबभाईंनी कडूबालाच लावलं. उरलेले दोन शॉट परतीचे. मेंढरं उजवीकडून डावीकडं, सरळ घरी.

वर्गात फिल्म दाखवली तेव्हा एकानं विचारलं, मावशी काय बोलतायत? कडूबा म्हणाला, कोकरांना बोलवतेय. कुतुबभाईंनी शंभरापैकी पंचावन्न दिले, त्यातले दहा हवालदाराचे म्हणाले.

बानाबाईनं फिल्म कडूबाच्या खोलीवर पाहिली, तेव्हा मालनही आली होती. कडूबानं कॅन्टीनवाल्याचा व्हीसीआर मागून आणला होता. नथ दिसत नाही, काळ्या तोंडाची लंगडी मेंढी एकदाही आली नाही, अशा तिच्या तक्रारी चालल्या होत्या. पेढ्याच्या शॉटला त्या थांबल्या. आपले ओठ हलताना तिनं पाहिले, कोकरांचं बें बें ऐकलं आणि ती मालनकडं वळली.

"बरं केलंस," एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुझं काम कवा हाय?"

मालनचं काम त्याच्या पुढच्या रविवारी होतं. तिची आई भामाबाई गोधडी शिवायची आणि ते शिवणं मालनला बारा शॉटमध्ये घ्यायचं होतं. बानाबाई न सांगता बसनं मालनच्या घरी आली, येताना लोकरीची पिशवी घेऊन. भामाबाईनं तिला गोधडीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. दोघी जणी टाके घालत बोलायला लागल्या, आणि कडूबा दारात स्टँड लावून वाट बघत राहिला. तीनदा त्यानं मावशी, जरा इकडं, असं म्हणून पाहिलं. चौथ्यांदा भामाबाईनं सुई थांबवून त्याला सांगितलं की बाबा, उजेड अडतोय, ते घोडं घेऊन अंगणात जा. कडूबा अंगणात गेला. मालन आधीच तिथं बसली होती, कॅमेऱ्यातून काढून घेतलेली कॅसेट मांडीवर घेऊन, कोरीच.