खोक्यावरचं हसू

कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांवर मी चित्रं काढायचो. अक्षरं दुसरा लिहायचा, कारण मला तेव्हा वाचता येत नव्हतं. आणि डोळ्यांसमोर असल्याशिवाय मला काहीच काढता येत नसे. म्हणून सासूबाईंना टेबलाशी बसवून पुढ्यात दूध-कॉर्नफ्लेक्सचा वाडगा ठेवला. पहिल्या दोन्ही चित्रांत त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं आलं. कारखान्याचे मालक म्हणाले, "तिसरंही असंच आलं, तर उद्यापासून येऊ नका."

"सासूबाई, जरा हसा ना!"

"जावईबापू, पुठ्ठा चावताना कोण हसतं?"

बायकोनं वाडग्यात तीन चमचे साखर घातली. सासूबाईंचा चेहरा असा खुलला की माझा ब्रश धावतच सुटला.

चित्र बघायला मालक घरीच आले. "वा! हे हसू आणलंत कुठून?"

"लेकीच्या साखरेच्या डब्यातून," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या खोक्यात कुठे आहे ते?"

मी ब्रश आवरायला घेतले. मालकांनी मात्र त्याच वाडग्यातला एक चमचा चाखला. मग अख्खा वाडगाच ओढला.

पुढच्या महिन्यापासून कारखान्यातच कॉर्नफ्लेक्समध्ये साखर पडू लागली आणि माझी नोकरी टिकली. सासूबाई शेवटपर्यंत दुकानात खोकं दाखवून सांगायच्या, "हसू माझं, साखर लेकीची. जावयानं नुसता रंग फासलाय."