उन्हात टांगलेला निळा डबा

मी एक जुना निळा प्लास्टिकचा डबा आहे, असं म्हणायची सवय आहे म्हणून म्हणतो. खरं तर मित्रांनो, आता मी एक नाही. माझे तुकडे किती आणि कुठे कुठे आहेत, हे मलाही सांगता येणार नाही. पण मी संपलेलो नाही.

मुंबईच्या एका कारखान्यात निळे दाणे वितळवून मला साच्यात फुगवलं. पोटात तेल भरून मी शेवगावच्या बाजारात आलो आणि रिकामा झाल्यावर गोजरबाईच्या हाती पडलो. ते बहात्तर साल होतं. डोक्यावर घागर आणि कमरेवर मी, अशी ती खडी फोडायच्या कामावरून परतताना पाणी आणायची. बायका मला उचलून बघत. हा पत्र्यासारखा गंजत नाही, मडक्यासारखा फुटत नाही, जन्माला पुरेल, असं म्हणत. मीही ते खरं मानलं.

त्याच वर्षी गोजरबाईचा नवरा वारला. तिचं दोन एकर रान नदीपल्याड होतं. पुढच्या पावसाळ्यात नदी भरून वाहू लागली, तसा तिचा धाकटा दीर बन्सी ओट्यावर येऊन बसला. आमच्याकडे पुरुष पाठीला सुका भोपळा बांधून नदी पार करत. बायकांना कुणीतरी न्यावं लागे. बन्सी गोड बोलत होता. रान आपण कसू, सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लावून घेऊ, वहिनीला बसल्या जागी धान्य पोचवू, असं सांगत होता.

"जिला नदी वलांडता येत न्हाई, तिनं पल्याडचं रान ठिवून काय करायचं, वैनी?"

गोजरबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "आन वलांडता आली तर?"

बन्सी हसत हसत उठून गेला.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई शेजारच्या मरियाकडे गेली. मरिया प्रवरेकाठी वाढलेली, लहानपणापासून पोहणारी. घरात भोपळा नव्हता, म्हणून तिनं मला झाकण घट्ट लावून गोजरबाईच्या पाठीला बांधलं आणि कासोटा मारायला लावून तिला विहिरीत उतरवलं. चाळिशी उलटलेली बाई पोहायला शिकते हे बघायला माणसं काठावर जमली. मरियाला त्यांची पर्वा नव्हती. "हात मार, गोजरे. कणीक तिंबतीस का पाण्यात?" असं ती वरून ओरडे, आणि गोजरबाई नाकातोंडातलं पाणी थुंकून पुन्हा हात मारी. पंधरा दिवसांनी तिनं मला पाठीवर घेऊन नदी पार केली. मित्रांनो, तेव्हा माझा ऊर भरून आला.

आता माझा घात कसा झाला तो ऐका. भोपळा ओला राहिला तर कुजतो, म्हणून पोहून आल्यावर तो उन्हात टांगायची आमच्याकडे रीत. मरियानं तेच सांगितलं आणि गोजरबाईनं ते जिवापाड पाळलं. रोज मला पुसायचं आणि बाभळीच्या उघड्या फांदीला टांगायचं. उन्हाळाभर मी तिथंच होतो. पण मी भोपळा नव्हतो. पाणी माझं काही बिघडवत नव्हतं. मला खात होतं ते ऊन. माझं अंग म्हणजे लांबलचक साखळ्यांचा गुंता. ऊन त्यांच्या कड्या तोडतं, तुटल्या जागी हवा शिरते आणि त्या पुन्हा जुळत नाहीत. आधी माझा निळा रंग विटला. मग अंगावर पांढरी भुकटी आली. गोजरबाईला ती धूळ वाटली. तिनं मला घासून धुतलं आणि पुन्हा उन्हात टांगलं. केसासारख्या भेगा पडल्या, त्या तिला दिसल्याच नाहीत.

चौऱ्याहत्तरच्या भाद्रपदात ती पल्याड बाजरी राखायला निघाली. बन्सी अलीकडच्या काठावर बैल धूत होता. धारेच्या मध्याच्या अलीकडेच मी पाठीवर तडकलो. पाणी आत शिरलं, माझे तुकडे उडाले आणि गोजरबाई खाली गेली. वर आली तेव्हा बन्सी हातवारे करून तिला माघारी बोलवत होता. मागचा काठ जवळ होता. ती पुढं गेली. मी कमरेला नुसतं ओझं होऊन लोंबत होतो, तरी तिचे हात थांबले नाहीत.

पलीकडे गुडघाभर चिखलात उभं राहून तिनं दम घेतला आणि हाक दिली, "भाऊजी, डबा फुटलाय. मी न्हाई."

बन्सीनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि बैल घेऊन तो घरी गेला. सातबाऱ्याची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

माझं बूड तेवढं तिच्या दोरीला राहिलं. बाकीचे तुकडे नदीनं गोदावरीत नेले, आणि त्यांतले काही पूर्वेच्या समुद्रात पोचले. तिथं मी पाण्यावर तरंगतो आणि ऊन माझ्यावर पडतं. शेवाळ चढलं की माझं झिजणं जरा मंदावतं. लाटेनं उलटलो की पुन्हा नव्या जोमानं सुरू होतं. नखाएवढा होतो, तो तांदळाएवढा झालो, मग रव्याएवढा. मासे मला खाणं समजून गिळतात. ऊन मला बारीक करत नेतं, पण माझा पुरता निकाल लावायला त्याला किती पिढ्या लागतील, कोण जाणे.

म्हणून मित्रांनो, माझ्यावर दया नको. वापरायचं तर मला सावलीत ठेवा. फुटलो तर तुकडे वेचून घ्या. पाण्यात भिरकावून "गेला एकदाचा" असं मात्र म्हणू नका. मी जात नाही.