ओळखीचे चार डबे

कोरियातल्या आमच्या सोलमोरू गावात औषधावाचून जगणारे जीव म्हणजे सुनडॉकच्या शेडमधल्या बारा हजार कोंबड्या. बाकी आम्ही सगळे गोळ्यांवर.

गावच्या सभाघरात मी दुपारचं जेवण रांधते. जेवण झालं, ताटं उचलली, भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास सरला, की म्हाताऱ्या आपापल्या पुड्यांच्या माळा काढतात. दवाखान्यातल्या पुड्या त्या, एकीला एक जोडलेल्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ छापलेल्या. एकीची फर्र करून फाटली की मागोमाग सगळ्यांच्या फाटतात, एकीच्या जांभईवर दुसरीची जांभई यावी तशा. नुसतं नाक गळलं तरी पुडीत पाच गोळ्या, आणि त्यातली एक जंतू मारायची असतेच. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या थेगम आजी पाचही एकदम तोंडात टाकतात नि म्हणतात, "आत जाऊन आपापसात ठरवतील, कुणी काय करायचं ते."

सुनडॉकच्या फाटकावर एक पाटी आहे. हिरव्या रंगात ‘औषधमुक्त कोंबडी’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘मालक : गु सुनडॉक’. लग्न होऊन आली तेव्हा ती प्यो कुळातल्या घरची सून होती, मग सांगुकची आई झाली, आणि पस्तीस वर्षं तीच राहिली. पाटी लागली त्या दिवशी मला म्हणाली, "ताई, माझं नाव उन्हात उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघतेय." रोज सकाळी ती पाटी ओल्या फडक्यानं पुसते. नियम एकच. जंतू मारायच्या औषधाचा एक थेंब पिलांच्या पाण्यात पडला, की पाटी उतरवायची.

औषध नाही म्हटल्यावर पोटाच्या रोगापासून पिलं सांभाळायला दाण्यापाण्यात दुसरं काही घालावं लागतं. अशी पुष्कळ द्रव्यं निघाली आहेत, आणि ती वाईट नाहीत. कुठलं घ्यायचं ते मात्र सुनडॉकच्या नवऱ्यानं, गिलनामनं ठरवलं, आणि आमच्याकडे निवड जशी होते तशीच ती झाली. लसूण नि दवण्याची पूड त्याच्या वर्गमित्राची. ओरेगानोचं तेल चर्चमधल्या एका वडीलधाऱ्याचं. आंबट अर्क विकणारा गृहस्थ तर प्योच निघाला, त्याच कुळातला, सतरा पिढ्यांमागे कुठेतरी चुलत. या तिघांना नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं?

चौथा डबा टपालानं आला. गुणी, जिवंत जंतूंचा, वर ‘थंड जागी ठेवा’ असं लिहिलेला. तो पाठवला होता गिलनामच्या धाकट्या भावानं, गिलसिकनं. दोन वर्षांपूर्वी गिलसिक पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायला आला नाही, तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. डबा किमचीच्या लोणच्याच्या फ्रिजमध्ये मागच्या कोपऱ्यात गेला. अगदीच बेदखल केल्यासारखं दिसू नये म्हणून गिलनाम त्यातलाही एक चमचा पाण्यात टाकायचा, बाकी तिघांच्या सोबतीनं.

पिलं एकोणीस दिवसांची झाली आणि शेडचा आवाज बदलला. निरोगी पिलांचा आवाज तांदळावर पाऊस पडावा तसा असतो. त्या सकाळी तो भिजलेल्या पोत्यावर पडल्यासारखा आला. सुनडॉक आत गेली तर पिलं पंख फुलवून एकमेकांना बिलगलेली, खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं, विष्ठा नारिंगी नि फेसाळ. अडतीस मेलेली. दुसऱ्या दिवशी एकाहत्तर. गिलनामनं घाबरून चारही डब्यांचं माप दुप्पट केलं. तिसऱ्या दिवशी चौऱ्याण्णव.

शेडच्या फळीवर जुन्या दिवसांतली औषधाची बाटली होती, सीलबंद. सुनडॉक ती उतरवून सभाघरात घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून बसली.

"फोड," थेगम आजी म्हणाल्या. "आम्ही नाही का घेत?"

"फोडली तर पाटी जाईल, आजी."

"मग नको फोडू. आज एकविसावा दिवस ना? आपल्या पहिल्या आईच्या गोष्टीतलं अस्वल लसूण नि दवणा खाऊन एकविसाव्या दिवशी बाई झालं. तुझ्या कोंबड्या आज माणसं होतील. मतदारयादी तेवढी तयार ठेवा."

"बारा हजार झाल्या तर बंद पडलेली शाळा पुन्हा उघडेल," दुसरी म्हणाली. "कलेक्टर स्वतः येऊन बारसं करेल."

सगळ्या हसल्या. सुनडॉकही हसली, पण तिच्या भाताला चमचा लागला नव्हता. शेडमधून फिरताना ती पिलांना एक गाणं म्हणते, तिनंच केलेलं. तेच तिनं भाताकडे बघत पुटपुटलं:

बारा हजार पाहुणे माझ्या अंगणी उतरले,
एकाचं गं पोट दुखे, माझे दोन घास राहिले.

मी म्हटलं, "आधी डॉक्टरला दाखव. बाटली कुठं पळून जात नाही."

जनावरांच्या डॉक्टर सॉकबाई त्याच दुपारी आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, बोलायला कमी. त्यांनी एक मेलेलं पिलू उघडलं, आतडं बोटावर घेतलं. आतला पापुद्रा जुन्या टॉवेलासारखा खरबरीत झाला होता.

"काय काय दिलंत?"

सुनडॉकनं चारही डबे आणून तुसावर मांडले. बाईंनी चष्मा वर करून एकेकाचं लेबल वाचलं. शेवटचा डबा हातात घेऊन म्हणाल्या, "हा जिवंत आहे. कधी देता?"

"सगळ्यांच्या बरोबर," गिलनाम म्हणाला. "भेदभाव नको म्हणून."

"एकाच टाकीत?"

"हो."

"मालक," बाई सुनडॉककडे वळून म्हणाल्या, "लसणाचं काम जंतू मारणं. तेलाचंही तेच. आंबटाचंही तेच. या तिघांत तुम्ही एक चमचा जिवंत जंतू सोडता. पिलाच्या पोटात जाण्याआधीच टाकीत मारामारी."

"म्हणजे गेले तीन आठवडे आम्ही पाजलं काय?" सुनडॉकनं विचारलं.

"भांडण."

गिलनामनं खोकून घसा साफ केला. "मग चौथा बंद करू. तोच परका आहे."

"बाकीचे तिघं बंद. चौथा ठेवायचा. विहिरीच्या ताज्या पाण्यात, डब्यावर लिहिलंय तेवढा, चमचाभर नव्हे. ओलं तूस काढून कोरडं घाला, पंखे वाढवा, गर्दी अर्ध्या शेडमधून पूर्ण शेडमध्ये पसरू द्या. आजारी पिलं वेगळी करा." बाई उठल्या. "आणि नीट ऐका. हा पहारेकरी आहे, वैद्य नाही. चोर घरात शिरलाय. उद्या आकडा एकशेवीसच्या वर गेला तर बाटली फोडायची. पाटीसाठी पिलं मारायची नाहीत."

"फोडीन," सुनडॉक म्हणाली. तिनं फाटकाशी जाऊन पाटी स्वतःच्या हातानं उतरवली आणि शेडच्या फळीवर, परत आणून ठेवलेल्या बाटलीशेजारी उभी केली. सकाळी त्यातलं एक खाली यायचं होतं.

अडचण अशी झाली की गिलसिकच्या डब्यात एका दिवसापुरतंच उरलं होतं, आणि आसपास कुठं ते मिळत नव्हतं.

गिलनाम वर्गमित्राला फोन करू म्हणाला. मग चर्चमधल्या वडीलधाऱ्याला. मग कुळातल्या प्योला. सुनडॉकनं त्याच्या हातात फोन दिला. भावाचा नंबर तिनं आधीच लावला होता.

"हॅलो."

"मी."

"कळलं."

"जेवलास?"

"जेवलो."

गिलनामनं पायाच्या अंगठ्यानं ओलं तूस उकरलं.

"गवत फार वाढलंय," गिलनाम म्हणाला.

"जुलैत वाढतंच."

"बाबांच्या थडग्याची कड दिसत नाही."

"दादा, फोन गवतासाठी केलास?"

"कोंबड्यांची पोटं बिघडलीत."

"माझा डबा दिला नाहीस?"

"दिला की. एक चमचा."

"एवढ्या टाकीला एक चमचा? माझ्या लग्नात तू दारू अशी वाढली असतीस तर पाहुणे उठून गेले असते."

सुनडॉकनं फोन काढून घेतला. "भावजी, मी वहिनी. घरात किती डबे आहेत?"

"सहा."

"घेऊन या. आणि गवत कापायचं यंत्रही टाका गाडीत. तुमच्या दादांना दुसऱ्या कुठल्या भाषेत माफी मागता येत नाही."

गिलसिक दोन तासांत आला. मी, सुनडॉक आणि दोघं भाऊ, चौघांनी मिळून तूस उपसलं. भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, पण एकाच फावड्यासाठी दोनदा हात पुढे झाला नि दोनदा मागे गेला. आमच्याकडे याला समेट म्हणतात.

सकाळी सुनडॉकनं मेलेली पिलं मोजली. एकशे अकरा. तिनं पुन्हा मोजली. बाटलीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि दोन्ही जिथल्या तिथं ठेवून फावडं उचललं. पुढच्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. मग बेचाळीस. मग सतरा. पाचव्या सकाळी मी शेडच्या दारात उभी राहिले तेव्हा आतून तांदळावर पाऊस पडत होता. सुनडॉकनं पाटी पुसली नि पुन्हा टांगली. वाचलेल्यांसाठी टांगली, पण मेलेल्यांचा आकडाही तिनं मागच्या बाजूला खडूनं लिहिलाय. तो पुसत नाही.

गावात मात्र वेगळंच ठरलं. वर्गमित्रानं सगळ्यांना सांगितलं की लसूण उशिरा लागू पडतो. वडीलधाऱ्यांनी रविवारी तेलाबद्दल देवाचे आभार मानले. कुळाच्या वार्षिक पत्रकात आंबट अर्काचा फोटो आला, शेजारी गिलनाम हसताना. गिलसिक तेव्हा टेकडीवर गवत कापत होता. त्याला कुणी विचारलं नाही.

पहिल्या मोठ्या उकाड्याचा दिवस आला. त्या दिवशी आख्खा देश कोंबडीचा रस्सा पितो. मी सुनडॉकच्या कोंबड्या जिनसेंगची मुळं, लाल बोरं आणि आणखी चार काष्ठौषधी घालून शिजवल्या. औषध न खाल्लेल्या कोंबडीचं औषध करायचं, असा आमच्याकडचा रिवाज आहे. सगळ्या ओरपून जेवल्या. घड्याळात अर्धा तास सरला. फर्र, फर्र.

सुनडॉकलाही तुसाच्या धुळीनं खोकला धरला होता, तिच्याही हातात दवाखान्याची माळ होती. तिनं पुडी फाडली, पण तोंडाकडे नेली नाही. पाचही गोळ्या टेबलावर ओतल्या आणि एका ओळीत लावल्या.

"काय बघतेस?" थेगम आजींनी विचारलं.

"यातलं कोण कुणाला मारतं ते."

"आत जाऊन ठरवतील."

"तेच तर नको, आजी." तिनं फोन काढला. "सॉक डॉक्टरांना विचारते."

"अगं, त्या जनावरांच्या डॉक्टर."

"म्हणूनच," सुनडॉक म्हणाली. "त्या आधी विचारतात, काय काय दिलंत."