बाजूची सीट

पंजाबरावांनी मोठी अँबेसेडर विकून लहान मारुती घेतली, तेव्हा खामगावातल्या त्यांच्या गल्लीत काही दिवस दुसरा विषयच नव्हता. गुरांच्या सरकी-ढेपेचा जुना व्यापारी, उंद्रीला बागायती जमीन, आणि गाडी म्हणजे ही एवढीशी पांढरी डबी. शेजारचे महादेवराव गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "भाऊ, हिची डिक्की कोठी गेली?" पंजाबरावांनी मागचा दरवाजा वर उचलून दाखवला. आत ढेपेचं एक पोतं जेमतेम मावलं असतं. हसू आवरायला महादेवरावांना मिशीवरून हात फिरवावा लागला.

गाडी घेण्यामागचं कारण साधं होतं. पंजाबरावांची आई गोजरबाई वारली, धाकटा भाऊ वामनराव शेती बघायला उंद्रीला राहायला गेला, एकुलती मुलगी लग्न होऊन संग्रामपूरला गेली. भरलेलं घर दोन माणसांवर आलं. मोठी गाडी पेट्रोल प्यायची, बाजारात वळायची नाही, आणि ती चालवणारा मोतीराम एसटीत लागला होता. "आपल्या दोघांले एवढी बस झाली," पंजाबराव म्हणाले, आणि या वयात स्वतःच गाडी चालवू लागले.

त्यांच्या बायकोला, सत्यभामाबाईंना, मात्र भलतीच अडचण आली. बसायचं कुठं? मोठ्या गाडीत पंजाबराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचे. मागे खिडकीशी सासूबाई, मग पोरंसोरं, पाहुणे, आणि मधल्या जागेत मांडीवर डबे-पिशव्या घेऊन सत्यभामाबाई. संसाराला तीस वर्षं झाली, पण चारचौघांत नवऱ्याच्या शेजारी त्या कधी बसल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीनं मागचं दार उघडलं.

"मांग काऊन बसतेस व?" पंजाबराव म्हणाले. "मी काय तुहा ड्रायव्हर हाय काय?"

त्या पुढे येऊन बसल्या. पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि नाकासमोर बघत राहिल्या. बाजारातल्या फरशी चौकातून गाडी गेली तेव्हा अख्खा बाजार आपल्याकडेच बघतोय असं त्यांना वाटलं. गिअर बदलताना पंजाबरावांचं कोपर त्यांच्या बांगड्यांना लागायचं आणि त्या दाराकडे सरकायच्या. पण त्या गाडीत माणूस सरकून सरकणार किती?

बोलायचं काय, हाही प्रश्नच होता. घरात बोलणं व्हायचं ते जेवण वाढू का, अमका येऊन गेला, एवढंच. इथं दोघं खांद्याला खांदा लावून बसलेले आणि मध्ये नुसता इंजिनचा आवाज. त्या शांततेचा कंटाळा येऊन सत्यभामाबाई दिसेल ते सांगू लागल्या. कापडवाल्यानं दुकानाला नवा रंग दिला. त्या घरासमोर मांडव पडला, पोरीचं लग्न ठरलं वाटते. पंजाबराव नुसते हं हं करायचे. एकदा त्या बोलता बोलता थांबल्या, तेव्हा नवरा म्हणाला, "मंग?" त्या दिवशी सत्यभामाबाईंना कळलं की हा माणूस ऐकतो आहे.

दिवाळीनंतर मात्र त्यांच्या ध्यानात एक गोष्ट येऊ लागली. समोरून ओळखीची अन्नपूर्णाबाई आली, हात हलवून गेली, तरी पंजाबरावांनी मान हलवली नाही. झाडाच्या रस्त्यावर पडलेल्या सावलीला त्यांनी ब्रेक मारला. आणि एका संध्याकाळी, स्टेशनच्या रस्त्यावर, एक सायकलवाला मधोमध चालला होता आणि गाडी सरळ त्याच्याच अंगावर चालली होती.

"तो सायकलवाला पाहा कसा मधातून चालून राह्यला," सत्यभामाबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

गाडी झटकन डावीकडे झाली. "पाह्यलं मी," पंजाबराव म्हणाले. पण त्यांचे हात किती घाईनं फिरले, ते बाईंनी बघितलं होतं.

तेव्हापासून त्यांच्या बोलण्याचं वळण बदललं. ब्रेक मारा, वळा, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "म्हशी आज लवकर परतल्या वाटते," म्हणायच्या, आणि गाडी हळू व्हायची. "मास्तरची पोरगी केवढी वाढली, पाहा, तिकडून येऊन राह्यली," म्हणायच्या, आणि हॉर्न वाजायचा. मागच्या सीटवर कोणी बसलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाई भारी बोलकी आहे. दोघांपैकी एकानंही त्या गोष्टीचं नाव काढलं नाही.

विचारावं असं त्यांना कितीदा तरी वाटलं. पण नवऱ्याचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. पुढचा दात पडला तेव्हा हा माणूस महिनाभर तोंड मिटून हसत होता. सांगायचं तेव्हा सांगेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. स्वयंपाकाखेरीज दुसऱ्या कशाला तरी आपण लागतो, हे त्यांना आवडत होतं. त्या विचाराची त्यांना लाज वाटायची, पण तो होता.

माघात उंद्रीला वामनरावांच्या नातवाचं बारसं झालं. दोघं गाडीनंच गेले. जेवणं झाली, पुरुषमाणसं ओसरीवर पान खात बसली. वामनराव मागच्याच आठवड्यात खामगावात त्यांच्या गाडीत बसले होते. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा निस्तं चाक धरते. गाडी तं वहिनीच चालवते. म्हैस आली, पोट्टं आलं, खड्डा आला. तोंड काही बंद नाही राहात."

सगळे हसले. वामनरावांची बायको गीताबाई आतून हसली. पंजाबरावही हसले, पण दात पडला होता तेव्हासारखे तोंड मिटून, हे सत्यभामाबाईंनी दारातून बघितलं.

निघायला उशीर झाला. गाव मागं पडल्यावर पंजाबराव म्हणाले, "आता घर येईलोक बोलू नको."

"मी काय वाईट—"

"एक शब्द नको म्हणलं ना."

त्यांनी तोंड मिटलं. राग असा चढला की कानशिलं गरम झाली. ज्याच्यासाठी बोलायचं त्यानंच गप्प बसवावं, आणि तेही दिराच्या थट्टेपायी. ठीक आहे, त्यांनी मनात म्हटलं, पाहा तुमचं तुम्हीच.

सूर्य बुडून गेला होता, गाडीचे दिवे अजून लावले नव्हते. रस्त्याच्या कडेची झाडं आणि शेतं एकाच रंगाची झाली होती. तेवढ्यात सत्यभामाबाईंना पुढे रस्त्याच्या मधोमध कापसानं भरलेली बैलबंडी दिसली. बैल दिसत नव्हते, नुसता वरपर्यंत भरलेला कापसाचा करडा ढीग हळूहळू चालला होता. मागे कंदील नव्हता. दिसेल यांना, त्यांना वाटलं, एवढी मोठी बंडी आहे. गाडी हळू झाली नाही. शब्द गळ्यापर्यंत आला आणि रागानं तिथंच धरून ठेवला. मग ढीग एकदम समोर आला, तेव्हा त्यांनी काही न बोलता दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि जीव खाऊन आपल्या बाजूला ओढलं.

कापूस आरशाला घासून गेला. गाडी रस्ता सोडून खाली उतरली, तुरीच्या शेताच्या कडेला दणकन आपटून थांबली. पुढचं एक चाक नालीत गेलं होतं. इंजिन बंद पडलं. उघड्या खिडकीतून कापसाचे पुंजके आत येऊन दोघांच्या अंगावर पडले होते.

बंडीवाला उडी मारून धावत आला. रंगराव त्याचं नाव. खामगावच्या जिनिंग कारखान्याला कापूस घेऊन चालला होता, सोबत त्याचा भाऊ होता. "लागलं काय कोनाले?" त्यानं आत वाकून विचारलं. लागलं कोणालाच नव्हतं. त्यानं गाडीकडे एकवार पाहिलं. "हलकी हाय, मालक. उचलून घेऊ."

दोघं भाऊ आणि पंजाबराव, तिघांनी पुढून हात घातला. सत्यभामाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि त्याही वाकल्या. "तुमी राहू द्या बाई," रंगराव म्हणाला. त्या हलल्या नाहीत. चौघांनी ती गाडी उचलून रस्त्याच्या कडेला आणून ठेवली.

रंगराव घाम पुसत म्हणाला, "माहीच चूक झाली, मालक. कंदिलातलं घासलेट सरलं."

"नाही," पंजाबराव म्हणाले. "तुही चूक नाही. मले दिसलं नाही. मले दिसतच नाही आता."

ते एका अनोळखी माणसाला हे सांगत होते. सत्यभामाबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी कमरेचा पदर सोडला आणि गाडीत जाऊन बसल्या.

पंजाबराव आले, चाकामागे बसले, पण चावी फिरवली नाही. समोर बघत म्हणाले, "मोतीबिंदू हाय. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणते पिकला नाही अजून, पिकल्याबिगर काढता येत नाही."

"कवा दाखवलं?"

"दिवाळीच्या मांग."

"अन् मले सांगावं वाटलं नाही?"

"सांगतलं असतं तं तू गाडीत बसली नसती."

सत्यभामाबाईंनी लुगड्यावरचा कापूस एकेक करून वेचला. "मी तं माहीत असूनच बसत होती," त्या म्हणाल्या. मग हातातला कापूस खिडकीबाहेर टाकत, "आज बंडी पाह्यली होती मी. आधीच पाह्यली. रागानं मुकी बसली."

"मीच सांगतलं होतं ना बोलू नको म्हणून."

"तरी बोलायले पाह्यजे होतं."

पंजाबरावांनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला, रस्त्यावर, उघड्यावर, रंगराव बघत असताना. सत्यभामाबाईंनी हात काढून घेतला नाही.

घरी जायचं कसं, हे रंगरावनंच सुचवलं. "मी म्होरं चालतो. तुमी माह्या मांगं मांगं या. तुमच्या बत्तीनं मले बी उजेड होईन." तशी ती वरात निघाली. पुढे बंडी, मागे पहिल्या गिअरमध्ये गुरगुरणारी गाडी, आणि दिव्याच्या उजेडात पांढराशुभ्र झालेला कापूस. इंजिन तापायचं, मग थांबायचं. बैलही तेवढ्यात दम खायचे. सत्यभामाबाई सांगत होत्या: आता चढ आला, आता तो डावीकडे घेऊन राह्यला. या वेळी त्या म्हैस, मास्तरची पोरगी असलं काही म्हणत नव्हत्या. सरळ सांगत होत्या आणि पंजाबराव सरळ ऐकत होते.

दुसऱ्या दिवसापासून गाडीवर जुनी चादर पडली. पंजाबराव सायकलरिक्षानं दुकानात जाऊ लागले. वामनरावांना कळलं तेव्हा ते उंद्रीहून आले, भावापुढे मान खाली घालून बसले आणि जाताना वहिनीच्या पाया पडून गेले. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आणि थंडीत अकोल्याला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, काही आठवड्यांनी जाड भिंगाचा चष्मा आला. तो लावून पंजाबराव बायकोकडे बघत राहिले.

"तुहे केस कवा पिकले व?"

"तुमचा मोतीबिंदू पिकत होता तवा," सत्यभामाबाई म्हणाल्या.

डॉक्टरनं बजावलं होतं, गाडी गावातच, दिवसाउजेडी आणि हळू. एका सकाळी चादर निघाली. मोतीरामनं सुट्टीच्या दिवशी येऊन बॅटरी बसवून दिली. दोघं निघाले. पंजाबराव दोन्ही हातांनी चाक धरून चालवत होते. सत्यभामाबाई गप्प होत्या.

फरशी ओलांडल्यावर पंजाबराव म्हणाले, "काऊन बोलत नाही?"

"आता दिसते ना तुमाले."

"समोरचं दिसते. या भिंगातून बाजूचं नाही दिसत. पाह्यजे तं डॉक्टरले विचार."

त्यांनी डॉक्टरला विचारायचं कारण नव्हतं. चष्मा घेताना त्या शेजारीच उभ्या होत्या, बाजूचं दिसणार नाही हे डॉक्टरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्या जरा सैलावून बसल्या.

"डाव्या हाताले अन्नपूर्णाबाई येऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "नवं लुगडं नेसली वाटते."

पंजाबरावांनी गाडी हळू केली. "कोणत्या रंगाचं?"

"जांभळं. काठ हिरवे."

अन्नपूर्णाबाईनं हात केला. या खेपेला पंजाबरावांनी मान हलवली. स्टेशनपर्यंतचा रस्ता तसा लांब नव्हता, पण त्या दिवशी सत्यभामाबाईंनी तो सगळाच्या सगळा सांगितला.