अडलेला चौथा बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. माझी दोन्ही टोकं गोल कड्यासारखी. कारखान्यात तापून, घणाचे घाव खाऊन घडलो, म्हणून स्वभावानं जरा ताठ. न्हावरे गावच्या हरिबांनी मला दौंडच्या बाजारातून आणलं. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. हरिबा मात्र ऊस लावायचे आणि लिलावात घेतलेली जुनी जीप अंगणातच दुरुस्त करायचे. त्यांच्या हातात मी खूश असायचो.

१९७४ सालची गोष्ट. त्यांच्या मुलीला, रंभाला, नर्सिंगच्या शिक्षणासाठी दौंडला मुलाखतीचं बोलावणं आलं, सकाळी आठचं. पहिली एसटी पोचायची नऊनंतर, म्हणजे भिस्त सगळी जीपवर. आणि आदल्याच दुपारी जीपचा पाण्याचा पंप गळायला लागला! नवा पंप मिळाला, पण जुना निघेना. तीन बोल्ट मी चुटकीसरशी सोडवले. चौथा गंजून बसलेला. घासलेट ओतलं, हातोडीनं ठोकलं, तरी ढिम्म! मग हरिबांनी माझ्या टोकाला लांब पाइप घातला आणि असा जोर लावला की मी घाबरलोच. बोल्ट तुटला असता, तर जीप अंगणात आणि रंभा घरात.

"आरं, थांब की!" त्यांची आई तानुबाई ओट्यावरून ओरडल्या. "फाटकात अडाकल्यालं मेंढरू वढलं की पाय रोवतं. आदी मागं ढकल, मंग सोडीव."

"आई, ह्यो बोल्ट हाय, मेंढरू न्हाई!"

"आडमुठं त्ये आडमुठंच. बघ तर करून!"

हरिबांनी वैतागून पाइप काढला. सोडवण्याऐवजी बोल्ट किंचित आवळला, मग सैल केला. पुन्हा आवळला, पुन्हा सैल केला. कुईंऽ! गंज फुटला आणि स्वारी मुकाट्यानं बाहेर आली.

रंभा वेळेवर पोचली, निवडलीही गेली. तानुबाई गावभर सांगत सुटल्या, "मेंढरांमुळं नात नर्स व्हनार!" माझं नाव कुणी घेतलं नाही. खरं सांगतो, मला वाईट वाटलं.

पुढं जीप विकली गेली. मी गोठ्यात घमेल्यामध्ये गंजत पडलो. काही वर्षांनी रंभा नर्स होऊन सुट्टीवर घरी आली. तिनं मला उचललं, घासून पुसलं, तेलाचा हात फिरवला आणि म्हणाली, "आजी, मेंढरं ऱ्हाऊ दे. दौंडला मला ह्यानं पोचवलं."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझे भाऊबंद धूळ खात असतील. त्यांना आजच पुसून ठेवा. कुणाची सकाळ कधी अडेल, सांगता येत नाही.