शिंप्याची तारीख

डॉक्टरांनी नवा स्कॅन पडद्यावर लावला, तेव्हा मास्तरांनी शर्टाच्या कफाचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळून तोडला. बत्तीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस. हात रिकामे ठेवायची सवयच नव्हती.

"दोन आठवड्यांत केमो सुरू करा, म्हटलं होतं मी," डॉक्टर म्हणाले. "आज अकरावा आठवडा आहे."

"हॉटेलवाल्यांचे बावीस कोट होते हातात."

डॉक्टरांनी पडद्यावर पेन टेकवलं. मोठ्या आतड्यातली गाठ पहिल्या तपासणीच्या वेळीच यकृतात पोचली होती. ऑपरेशनने निघण्यातली नव्हती. पण पंधरा दिवसांनी एकदा सलाइनमधून औषध गेलं असतं, तर दोनेक वर्षांची आशा होती. आता कावीळ इतकी चढली होती, की ते औषध अंगाला सोसलं नसतं.

"मग आता?" शेजारी बसलेल्या बायकोने विचारलं.

"दुखणं आटोक्यात ठेवू. जेवण जाईल, झोप लागेल एवढं बघू. त्यात कमी पडणार नाही."

"आणि दिवस?" मास्तर म्हणाले.

"काही आठवडे."

"आठवडे म्हणजे महिने धरायचे?"

"नाही. आठवडेच."

जिन्यात बायको थांबली. पहिल्या भेटीनंतर मास्तर इथेच म्हणाले होते, "दोन आठवडे म्हणतात, म्हणजे दोन महिने धरायचे. मी तरी गिऱ्हाइकाला कधी खरी तारीख सांगतो?" आणि ती मोठ्यांदा हसली होती.

"मी कशाला हसले हो तेव्हा?"

"हसण्यासारखंच होतं," मास्तर म्हणाले आणि कठडा धरून उतरू लागले.

दुकानाच्या पायरीवर हॉटेलचा मॅनेजर वाट बघत होता.

"मास्तर, अठरा मिळाले. उरलेले चार?"

"गुरुवारी."

"म्हणजे पुढचा सोमवार!" मॅनेजर हसला. "तुमचा गुरुवार कधी उजाडतो, ते आमचा भांडी घासणारासुद्धा सांगेल."

"या वेळी गुरुवारीच या."

"बरं, बरं!" त्याने टाळीसाठी हात पुढे केला. मास्तरांनी पिवळी पडलेली बोटं खिशातच ठेवली. "तब्येत उतरलीय हो तुमची. जरा खात-पीत जा," असं म्हणत तो गेला. वळणावर जाईपर्यंत हसतच होता.

बुधवारी संध्याकाळी शेवटचं बटण लागलं. काजं बायकोने केली. मास्तरांच्या हातात सुई ठरत नव्हती. तरी एक काज त्यांनी उसवायला लावलंच. "तिरकं आहे," एवढंच म्हणाले.

गुरुवारी सकाळी चारही कोट इस्त्री होऊन खिळ्यांना लागले. मास्तर दाराकडे तोंड करून बसले. दुपार झाली, उन्हं पायरीवरून सरकली.

"फोन करू का त्यांना?" बायकोने विचारलं.

"नको. सोमवारी येईल तो."

शटर ओढण्याआधी तिने कोटांवर धुतलेली चादर घातली, धूळ बसू नये म्हणून.