पुलापासून डावीकडे

आधी वास आला, मग फिर्मिन आला. लुतगार्ड स्वयंपाकघरात लोण्यावर मासे परतत होती. शुक्रवार होता, आणि त्या घरात शुक्रवारी मासेच होत. मागचं दार उघडलं आणि लोण्याचा खमंग वास जागच्या जागी मेला. कुजकं पाणी, आंबलेले बटाटे आणि सडकी मासळी, सगळं एकदम घरात शिरलं. तिने एप्रनचं टोक नाकाला लावलं.

"बूट बाहेर!" ती ओरडली. "पँटसकट सगळं बाहेर काढ!"

"अगं लुत, शेजारी बघतील."

"बघू देत की. वास तर केव्हाच पोचला असेल त्यांच्याकडे."

फिर्मिनने बाहेरच्या नळावर हात धुतले. साबणाने धुतले, व्हिनेगरने धुतले, कॉफीचा चोथा चोळून धुतले, आणि जेवायला येऊन बसला. पावाचा तुकडा मोडताना त्याच्या नखांत खवले चमकत होते. तेच बोट त्याने लोण्यात घातलं. तिने आपली ताटली उचलली आणि मांजरापुढे ठेवली.

प्रकार असा होता. पाणी अडवणाऱ्या धरणदारापलीकडच्या बटाट्याच्या कारखान्याने मंगळवारी कालव्यात पांढरं, फेसाळ पाणी सोडलं. बुधवारी सकाळी धरणदारापासून पुलापर्यंत सगळा कालवा पोटं वर करून तरंगत होता. मेलेल्या माशांत रोच होते, ब्रीम होते, हातभर लांबीच्या वामा होत्या. गुरुवारपर्यंत ते फुगले. आणि रविवारी गावच्या सायकल क्लबची माउंटन बाइकची वार्षिक राइड त्याच काठाने जायची होती. माउंटन म्हणायचं ते आपलं कौतुकाने. त्या मुलखात डोंगर औषधालाही नाही. चढ म्हणून काय तो पूल, बाकी सगळी ताटासारखी सपाट शेतं, कालवे आणि पॉप्लरच्या रांगा. पण चिखल मुबलक, आणि चिखलासाठी लोक लांबून लांबून येत. राइड संपली की त्यांना तळलेले बटाटे फुकट मिळत. ते कोण देणार? कारखाना. क्लबच्या नव्या न्हाणीघराच्या फरशाही त्याच कारखान्याने बसवून दिलेल्या.

तेव्हा क्लबचा अध्यक्ष मार्निक्स याने विश्वासातली चार माणसं गोळा केली, त्यांच्या हातात कारखान्याने पुरवलेली जाळी दिली आणि या कामाला नाव दिलं, साफसफाई. पहिला फोन फिर्मिनला केला. गावातल्या गळ टाकून मासे धरणाऱ्यांचा पुढारी तोच. ते पाणी त्याच्याइतकं कुणाच्याच ओळखीचं नव्हतं.

"टाकलेत कुठे?" लुतगार्डने विचारलं.

"पुलाच्या डावीकडे, ओमेरच्या मक्याच्या शेतात. मका कापून झालाय ना. कडेने चर खणला."

"सगळे पुरलेत?"

"सगळे." तो बटाट्यावर मीठ घालत राहिला. "म्हातारीसुद्धा होती."

म्हातारी म्हणजे एक पाइक मासळी, लांब तोंडाची, करवतीसारख्या दातांची. फिर्मिनने तिला किती वेळा गळाला लावली होती आणि दर वेळी ओठावरचा गळ हलकेच सोडवून पाण्यात परत सोडली होती. घरी येऊन सांगायचा तेव्हा चेहरा असा, जणू बाई त्याच्याशी दोन शब्द बोलून गेली.

"तिलाही जाळ्यात घालून चिखलात लोटलीस?"

"मेलेली होती, लुत."

"आणि पाणीखात्याला फोन?"

"रविवार होऊन जाऊ दे."

"रविवार झाल्यावर त्यांना दाखवणार काय? तुझी नखं?"

फिर्मिनने काट्याने बटाटा मोडला. मूग गिळून बसायची सवय या माणसाला नव्हती, म्हणूनच तिला ते जास्त झोंबलं. संसारात त्याच्या कमी खोड्या तिने सोसल्या नव्हत्या. घोरणं होतं, रविवारची बिअर होती, गांडुळांचा डबा फ्रिजमध्ये ठेवणं होतं. पण पाण्याच्या बाबतीत माणूस ताठ. कालव्यात सोडलेल्या एका गटाराच्या नळावरून तो थेट नगराध्यक्षाशी भांडला होता, भर चर्चच्या दारात. त्या दिवशी तिला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! आणि आज तोच माणूस न्हाणीघराच्या फरशांपायी मिंधा होऊन बसला होता. तिला माशांची किळस येत होती की नवऱ्याची, हे तिचं तिलाच कळेना. त्याने एकदा, फक्त एकदा, चार लोकांसमोर तोंड उघडून खरं सांगावं, एवढंच तिला हवं होतं. नाहीतर उरलेलं आयुष्य या माणसासमोर बसून जेवायचं कसं?

शनिवारी बाण लावायचं काम तिचं होतं. ती दर वर्षी करायची. जुनी माउंटन बाइक, पाठीवर पिशवी, पिशवीत पिवळे बाण आणि स्टेपलर. पॉप्लरच्या खोडावर, कुंपणाच्या खांबावर, जिथे वळण तिथे बाण. रविवारी येणारे लोक मान खाली घालून पेडल मारतात आणि बाण सांगेल तिकडे वळतात. बाणाने कालवा दाखवला तर निम्मे कालव्यात उतरतील, असं ती नेहमी म्हणायची.

निघण्याआधी मार्निक्सचा फोन आलाच.

"लुतगार्ड, ऐक. पुलाशी यंदा उजवीकडे घे हं. काँक्रीटच्या रस्त्याने."

"दर वर्षी तर डावीकडे, शेतातून जातो आपण."

"शेत फार ओलं आहे गं. लोक घसरतील."

"आता चिखलात घसरायलाच तर पैसे भरून येतात ना ते, अध्यक्ष महाराज?"

"लुतगार्ड, प्लीज. फिर्मिनला विचार, तो सांगेल तुला."

फिर्मिन समोरच बसला होता. त्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

कालव्याच्या काठाने जाताना तिला वाटलं, किती नीट झाकलंय सगळं! पाणी राखाडी, स्वच्छ, एक शेपूट दिसेल तर शपथ. फक्त काठच्या लव्हाळ्यांना पांढरट, चिकट साय धरली होती. तिने बोट लावून पाहिलं आणि गवताला पुसलं. पुसलं तरी बोट बुळबुळीत. शी! एकही बगळा नव्हता. ज्या पाण्यावर ओळीने बगळे उभे असायचे तिथे एक नाही. बगळ्यांना जे कळलं ते माणसांना कळू नये?

पुलावर येऊन ती उतरली. उजवीकडे काँक्रीट, डावीकडे ओमेरचं शेत. धसकटांच्या कडेने मातीचा लांबच लांब उंचवटा होता, फावड्याने थोपटलेला. तिने त्यावर बुटाची टाच दाबली. माती आत गेली आणि भोकातून एक बुडबुडा आला. वास असा की तिने तोंड फिरवलं आणि बांधावरच ओकली. सगळं बाहेर पडल्यावर तोंड पुसलं आणि तशीच उभी राहिली. लाज वाटली नाही तिला, रागच आला. घाई तर बघा, चर नीट खोलसुद्धा खणला नव्हता.

मग तिने पिशवीतून बाण काढला आणि खांबावर ठोकला. डावीकडे. पुढच्या खांबावर दुसरा, अगदी त्या उंचवट्यावरूनच चाकं जातील असा. तिचा हिशोब साधा होता. इतकी माणसं, इतकी नाकं, इतके डोळे. कुणीतरी थांबेल, कुणीतरी विचारेल. आणि विचारलं की उत्तर द्यायला फिर्मिन तिथे असणारच होता, कारण राइड संपल्यावर सायकली धुवायच्या पाइपवर तो दर वर्षी उभा असतो. त्याला बोलावंच लागेल.

रविवारी सकाळी रात्रीच्या पावसाने शेताचा लगदा झालेला. पहिली टोळी आली तेव्हा लुतगार्ड पाइपांजवळ बादल्या भरत होती. आधी तिला हसणं ऐकू आलं. मग माणसं दिसली, डोक्यापासून पायापर्यंत काळी, फक्त दात पांढरे. जवळ आली तसा वास आला. एकाच्या हेल्मेटवर खवले चिकटले होते. एकीच्या गालावर माशाच्या आतड्याचा तुकडा वाळत होता, आणि ती बाई मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेत होती.

"काय भारी चिखल होता!" कुणीतरी म्हणालं. "बाकी सगळीकडे हल्ली काँक्रीटच."

"घाण वास मारतोय रे तू!"

"तूच बघ की! शेणखत टाकलं असणार शेतकऱ्याने."

"खेडेगाव आहे बाबा, अत्तर थोडंच शिंपडणार?"

आणि तसेच, न धुतलेल्या हातांनी, ते बटाट्यांच्या रांगेत उभे राहिले. कारखान्याचं जॅकेट घातलेली हसरी मुलगी कागदी कोन भरभरून देत होती. वर मेयोनेज. माणसं बोटं चाटत होती. लुतगार्ड बघत राहिली. ज्या बटाट्याचं पाणी पिऊन ते मासे मेले त्याच बटाट्यांवर लोक ताव मारत होते, आणि मासे त्यांच्याच गालांवर होते.

मार्निक्स तिच्याजवळ आला, कानाशी लागून दात-ओठ खात बोलला, "तू केलंस हे?"

"बाण मीच लावते ना दर वर्षी."

"लाज नाही वाटली?"

"उलट तुलाच विचारणार होते."

तेवढ्यात पाइपाजवळ गलका झाला. एक उंच तरुण सायकल उलटी करून बसला होता. साखळीत काहीतरी अडकलं होतं. त्याने हिसका देऊन ते उपटलं आणि वर धरलं. जबडा होता, लांब, करवतीच्या दातांचा, कातडी अजून लोंबत असलेला.

"अहो, हे काय आहे?" त्याने फिर्मिनला विचारलं.

आसपासची माणसं वळली. कोन हातात धरून दोघं-चौघं जवळ आले. कारखान्याची मुलगीसुद्धा मान उंचावून बघायला लागली. लुतगार्डच्या हातातली बादली भरून वाहत होती. बोल, ती मनात म्हणाली. बोल रे बाबा, आता तरी बोल.

फिर्मिनने जबडा हातात घेतला. अंगठा ओठाच्या कडेवरून फिरवला, जिथे गळाच्या जुन्या खुणा असणार. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पाइपातलं पाणी त्याच्या बुटांवर सांडत होतं, त्याचं भान त्याला नव्हतं. मग त्याने घसा साफ केला.

"बगळे," तो म्हणाला. "बगळे आणून टाकतात शेतात. फार झालेत हल्ली."

"बगळा एवढा मोठा मासा उचलतो?"

"आमच्याकडचे उचलतात."

सगळे हसले. त्या तरुणानेही हसून खांदे उडवले आणि सायकल धुवायला पुढे केली. मार्निक्सने फिर्मिनच्या पाठीवर थाप मारली. जबडा कचऱ्याच्या डब्यात, कागदी कोनांवर पडला.

गर्दी बटाट्यांकडे सरकल्यावर फिर्मिन लुतगार्डकडे आला. पाइप बंद केला. तिच्याकडे वर न बघता, ओल्या हातांनी तिची बाही धरली. आवाज अगदी मऊ होता, भांडण मिटवताना व्हायचा तसा.

"रागावू नकोस, लुत," तो म्हणाला. "चूक माझीच. चर अजून खोल खणायला हवा होता."